आकडे चोख, कारण कच्चं: कापूसभावाच्या मेसेज-सेवेचा आढावा

सकाळी सव्वासातला फोन वाजतो आणि सात ओळी येतात. नमुना असा. गणित कळावं म्हणून आकडे गोल केले आहेत.

न्यूयॉर्क ६६.०० सेंट, कालपेक्षा ०.९० कमी
डॉलर ८८.००
रुई खंडी ५३,०००
सरकी क्विंटल ३,५००
हिंगणघाट, वणी, राळेगाव: ६,७०० ते ७,२००
आवक मध्यम
कारण: तात्यांनी पुन्हा डाव टाकला, कापूस ६० नी खाली!

शेवटच्या ओळीतले तात्या म्हणजे डोनाल्ड ट्रम्प. यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरच्या कापूसपट्ट्यातल्या बऱ्याच गावांत ही सेवा पोचली आहे. वर्गणी महिन्याला तीन किलो ढेपेच्या किमतीएवढी. सोबत रविवारी बारा-पंधरा मिनिटांची एक ऑडिओ असते. तिच्यात अमेरिकेच्या कोणत्या अध्यक्षानं अर्थव्यवस्था चढवली, कोणी पाडली आणि आपल्या पऱ्हाटीवर त्याचा काय परिणाम झाला, हे मार्क देऊन सांगतात. पानठेल्यावर आठवडाभर तेच चालतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. पहिल्या सहा ओळींसाठी पैसे द्यावेत. सातव्या ओळीवर आणि रविवारच्या ऑडिओवर कापूस विकायचा की ठेवायचा हे ठरवू नये.

आधी चांगलं ते. न्यूयॉर्कचा आकडा रात्रीच्या शेवटच्या सौद्याचा असतो. तिथला कापूस वायदा आपल्या घड्याळानं उन्हाळ्यात रात्री ११.५० ला बंद होतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेची घड्याळं एक तास मागे जातात, तेव्हापासून १२.५० ला. म्हणून सकाळच्या मेसेजात पक्का आकडा येतो. फुकटच्या ग्रुपवर संध्याकाळी सहाला जो 'न्यूयॉर्क भाव' फिरतो तो मधलाच कुठला तरी असतो. डॉलर आणि खंडीचे आकडेही आम्ही ताडून पाहिले, बरोबर निघाले. त्यातून आपल्या क्विंटलचा हिशेब असा काढायचा.

न्यूयॉर्कचा भाव एका पौंडाला इतके सेंट असा असतो. एक खंडी म्हणजे ३५६ किलो रुई (सरकी काढलेला कापूस), पौंडात ७८४. सेंटला ७.८४ नं गुणा, मग डॉलरच्या भावानं गुणा: ६६ × ७.८४ × ८८, म्हणजे ४५,५०० च्या आसपास. ही न्यूयॉर्कची खंडी झाली. आता घरची बाजू. एक क्विंटल कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, ६४ किलो सरकी, उरलेली घट आणि कचरा. ५३,००० च्या खंडीनं ३४ किलो रुईचे ५,०६० रुपये. ३५ रुपये किलोनं ६४ किलो सरकीचे २,२४०. बेरीज ७,३००. जिनिंग, प्रेसिंग, हमाली, वाहतूक आणि व्यापाऱ्याचं सुटणं मिळून साडेतीनशे धरले तर हाती ६,९५०. हिंगणघाटच्या यार्डात ६,७०० ते ७,२०० निघतात ते इथूनच. खेडा खरेदीवाला, म्हणजे गावात येऊन माल घेणारा व्यापारी, याहून तीन-चारशे खाली बोलला तर हा हिशेब त्याच्यासमोर मांडायचा. सेवेचा खरा उपयोग तिथे आहे, आणि वर्गणी एका बंडीत वसूल होते.

याच हिशेबातून आणखी चार आकडे काढून कोठ्याच्या दारावर खडूनं लिहून ठेवावेत. न्यूयॉर्क एक सेंटनं हललं तर क्विंटलमागे ६६ रुपये. डॉलर एक रुपयानं हलला तर ४९. सरकी क्विंटलला शंभरनं हलली तर ६४. आणि ओलावा एका टक्क्यानं वाढला तर हमीभावाच्या केंद्रावर ८१. हा शेवटचा आकडा २०२५-२६ च्या लांब धाग्याच्या ८,११० या हमीभावाचा एक टक्का आहे. हमीभावानं खरेदी करणाऱ्या सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची, अट ८ टक्क्यांची. त्यावर १२ पर्यंत प्रत्येक टक्क्याला एक टक्का कट्टी, १२ च्या वर माल परत. दव असताना सकाळी सातला वेचलेला कापूस आणि दहानंतर ऊन लागल्यावर वेचलेला कापूस यांत तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो. चार टक्के म्हणजे ३२४ रुपये. तेवढं नुकसान करायला न्यूयॉर्कला जवळपास पाच सेंट पडावं लागेल. ओलाव्याची ओळ मेसेजात कधीच नसते, तात्यांची रोज असते.

सातव्या ओळीचं गणित चुकीचं नाही, हे मान्य करायला हवं. ०.९० सेंट गुणिले ६६ म्हणजे ५९, तेव्हा '६० नी खाली' बरोबर. फक्त न्यूयॉर्कची घट यार्डात पूर्ण उतरत नाही. अर्धीअधिक वाटेतच जिरते आणि उरलेली चार-आठ दिवसांनी येते. खरी गफलत 'कारण' या शब्दात आहे. न्यूयॉर्कचा वायदा एका दिवसात एक सेंट हलायला पश्चिम टेक्सासात ल्युबकच्या बाजूला झालेला पाऊस पुरतो, ब्राझीलचं पीक चांगलं असल्याची बातमी पुरते. अमेरिकी कृषी खात्याचा मासिक पीक-अंदाजही पुरतो. तो आपल्याकडे रात्री साडेनऊला, हिवाळ्यात साडेदहाला जाहीर होतो. ब्राझीलनं २०२३-२४ मध्ये कापूस निर्यातीत अमेरिकेलाही मागे टाकलं, त्यामुळे आता ब्राझीलच्या शेतावरही लक्ष ठेवावं लागतं. पण पावसाची ओळ लिहिली तर कोण पुढे पाठवणार? तात्यांची ओळ अर्ध्या तासात तालुकाभर फिरते.

ऑगस्ट २०२५ चं प्रकरण इथे उलगडून बघणं भाग आहे, कारण सेवा अजून त्याच्यावरच उभी आहे. क्रम असा होता. ७ ऑगस्टपासून भारतीय मालावर अमेरिकेचं २५ टक्के आयातशुल्क लागू झालं. रशियन तेलाच्या खरेदीवरून २७ ऑगस्टपासून आणखी २५, एकूण ५०. आणि या दोन तारखांच्या मध्ये, १९ ऑगस्टपासून, दिल्लीनं बाहेरच्या रुईवरचं ११ टक्के शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपली सीतादही (वेचणीआधीची पूजा) होऊन पहिला वेचा घरात येतो ते महिने नेमके त्यात सापडले.

सेवेच्या मते भाव पडला तो ५० टक्क्यांमुळे, म्हणून दोष तात्यांचा. वाटा मोजून पाहू. ५० टक्के शुल्क कपड्यावर होतं. ते आधी तिरुपूरच्या कपडे कारखान्यांच्या ऑर्डरवर बसतं, तिथून सुतावर, सुतावरून रुईवर आणि मग कापसावर. प्रत्येक पायरीवर थोडं थोडं झिरपतं आणि त्याला महिने लागतात. अकरा टक्क्यांचा फटका सरळ रुईवर बसतो. न्यूयॉर्कच्या ६६ सेंटवर वाहतूक, विमा आणि दर्जाचा फरक मिळून १० सेंट धरा. बंदरात उतरलेली खंडी ५२,४०० ला पडते. शुल्क असतं तर ५८,२०० ला पडली असती. फरक ५,८०० रुपये खंडीला, म्हणजे कापसाच्या क्विंटलला ५५० च्या आसपास. गिरणीवाल्याला बाहेरून ज्या भावात रुई मिळते त्याच्या फार वर तो इथे जाणार नाही. तेव्हा आपल्या भावाचं छप्पर साडेपाचशेनं खाली आलं. ते खाली आणणारी सही दिल्लीतली होती.

यावर सेवेचं उत्तर तयार असतं: तात्यांनी टॅरिफ लावलं म्हणूनच दिल्लीनं शुल्क काढलं. अर्धं खरं आहे, कापड उद्योगाला आधार द्यायचं निमित्त तेच होतं. पण हेच ११ टक्के, म्हणजे मूळ ५, कृषी अधिभार ५ आणि दोन्हींवर मिळून एक टक्का समाजकल्याण अधिभार, फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पात लागले आणि एप्रिल २०२२ मध्ये एकदा काढलेही गेले होते. तेव्हा व्हाइट हाउसमध्ये बायडन होते आणि असल्या टॅरिफचा मागमूस नव्हता. कापूस महागला, गिरण्यांनी ओरड केली आणि शुल्क गेलं. तात्यांशिवायही ते जातं.

शिवाय त्याच टॅरिफच्या गडबडीत रुपया घसरला. ऑगस्टअखेरीस डॉलर ८८ च्या वर गेला आणि डिसेंबरात नव्वदीपार. घसरणीची कारणं अनेक होती, टॅरिफ त्यातलं एक. दोन रुपयांनी डॉलर महागला की बाहेरची रुई आपल्या क्विंटलच्या हिशेबात ९८ रुपयांनी महाग पडते. दोष द्यायचा तर ही जमेची बाजूही त्याच वहीत लिहावी लागेल. सेवेच्या कारणाच्या ओळीत आम्हाला ती एकदाही दिसली नाही.

आता रविवारची ऑडिओ. आवाज खणखणीत, वऱ्हाडी ठसका छान, ऐकत राहावं असं सांगणं. मजकूर मात्र 'राजा तैसी प्रजा' या म्हणीची अमेरिकन आवृत्ती. ज्याच्या काळात चांगलं झालं तो शहाणा, ज्याच्या काळात वाईट झालं तो नालायक. तीन ठिकाणी तर फारच घसरते.

पहिलं म्हणजे थोरले बुश. १९९२ ची निवडणूक त्यांनी अर्थव्यवस्था बुडवून गमावली, म्हणून शून्य मार्क. प्रत्यक्षात ती मंदी जुलै १९९० मध्ये सुरू झाली आणि मार्च १९९१ मध्ये संपलीही. अमेरिकेत मंदीच्या तारखा अर्थतज्ज्ञांची एक समिती ठरवते, सगळे आकडे हाती आल्यावर, निवांत. मंदी संपल्याचं तिनं जाहीर केलं २२ डिसेंबर १९९२ ला. मतदान ३ नोव्हेंबरला होऊन गेलं होतं. रोजगार वाढायला उशीर लागला, लोकांना तोच दिसला आणि पुढच्या चढणीचं श्रेय क्लिंटन यांच्या खात्यात पडलं.

दुसरं, कार्टर नापास आणि रेगन पहिल्या नंबरात. १९८० च्या सुरुवातीला महागाई १४ टक्क्यांवर होती, ती १९८३ पर्यंत ४ च्या खाली आली, हे खरं. ती आणली फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, प्रमुख पॉल व्होल्कर यांनी, व्याजदर २० टक्क्यांच्या घरात नेऊन. व्होल्करना नेमलं होतं कार्टर यांनी, ऑगस्ट १९७९ मध्ये. औषध कडू निघालं. १९८२ अखेर बेरोजगारी १०.८ टक्क्यांवर गेली. कार्टर तोवर घरी गेले होते. १९८४ ला अर्थव्यवस्था धावू लागली आणि रेगन ५० पैकी ४९ राज्यं जिंकले. रेगन यांचा वाटा शून्य नाही. दोन अंकी बेरोजगारी असतानाही त्यांनी व्होल्करना काढलं नाही, उलट १९८३ मध्ये पुन्हा नेमलं. न्याय करायचा तर मार्क तिघांत वाटावे लागतात. ऑडिओत व्होल्कर हे नावच येत नाही. कापसाची गोष्ट सांगताना सरकी विसरावी, तसं.

फेडचं काम कसं चालतं हे ऑडिओनं एकदा तरी सांगायला हवं होतं. व्याजदर ठरवणाऱ्या समितीत १२ मतं असतात आणि बैठका वर्षाला आठ. त्यातल्या सात गव्हर्नरांना अमेरिकेचा अध्यक्ष नेमतो, सिनेटच्या संमतीनं, पण पूर्ण मुदत १४ वर्षांची. एवढ्यात तीन अध्यक्ष येऊन जाऊ शकतात. आणि आपल्या डॉलरच्या ओळीवर याच समितीचा हात अध्यक्षाच्या भाषणापेक्षा जड असतो.

तिसरी गफलत पक्षांची. डेमोक्रॅट आला की तेजी, असं एका रविवारी ठासून सांगितलं. आकडा खराच आहे. प्रिन्स्टनच्या ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी ट्रुमनपासून ओबामांपर्यंतचा हिशेब २०१६ मध्ये छापला. वाढीचा वेग डेमोक्रॅट अध्यक्षांच्या काळात ४.३३ टक्के, रिपब्लिकनांच्या काळात २.५४. पण त्यांनी कारण शोधलं तेव्हा सरकारी खर्च किंवा व्याजदराचं धोरण त्यात बसेना. फरकाचा मोठा भाग तेलाच्या भावाचे धक्के, उत्पादकता आणि बाहेरची परिस्थिती यांत निघाला. बराचसा नशिबाचा भाग. ब्लाइंडर स्वतः क्लिंटन यांच्या सल्लागार मंडळावर होते, म्हणजे श्रेय उचलायला जागा होती, तरी उचललं नाही. सेवेनं आकडा घेतला आणि कारण सांडलं.

सगळं श्रेय काढून घ्या, असं आमचं म्हणणं नाही. अध्यक्षाच्या सहीनं भाव खरोखर हलतो तेही आम्ही जमेस धरतो, आणि त्याची खूण अशी की ती सही मालाची वाट अडवते. २०१८ च्या जुलैत ट्रम्प यांच्या टॅरिफला उत्तर म्हणून चीननं अमेरिकी कापूस आणि सोयाबीनवर २५ टक्के लावले. त्याआधी जूनमध्ये नव्वदीत असलेला न्यूयॉर्क वायदा ऑगस्ट २०१९ मध्ये साठच्या खाली होता. त्यात त्या भांडणाचा वाटा मोठा, कारण एक मोठं गिऱ्हाईक दुकानापासून तोडलं गेलं. अमेरिकी सरकारला आपल्या शेतकऱ्यांना दोन वर्षांत अब्जावधी डॉलरची मदत वाटावी लागली. आणि त्याहून मोठं उदाहरण आपल्या दारातलं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १९ एप्रिल १८६१ ला लिंकन यांनी दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, अमेरिकेची रुई अडकली आणि इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाडाकडे वळल्या. उमरावतीवरून, म्हणजे आजच्या अमरावतीवरून, 'ऊमरा' हे कापसाचं नाव लिव्हरपूलच्या बाजारात चालायचं. शेतं ज्वारीतून कापसाखाली गेली. १८६५ ला युद्ध थांबलं तसा भाव कोसळला आणि मुंबईतल्या पेढ्या बसल्या. लिंकन यांना पैकीच्या पैकी द्यायला हरकत नाही. ऑडिओत ते आलेच नाहीत!

याच्या उलट २०११. त्या मार्चमध्ये न्यूयॉर्कनं पौंडाला २०० सेंट ओलांडले होते. अध्यक्ष होते ओबामा. पण भाव चढला होता २०१० च्या पाकिस्तानातल्या पुरानं, रिकाम्या गोदामांनी आणि भारतानं निर्यात ५५ लाख गाठींवर अडवल्यानं. वर्ष संपताना तोच भाव १०० च्या खाली होता आणि अध्यक्ष तेच.

आता सेवेतले दोष, जे फोन करून सांगितले तर सुधारतील असे. सगळ्यात मोठा नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातला. न्यूयॉर्कचे वायदे मार्च, मे, जुलै, ऑक्टोबर आणि डिसेंबरचे असतात. डिसेंबरचा संपत आला की सेवा गुपचूप मार्चवर उडी मारते. मार्चचा भाव गोदामभाडं आणि व्याज धरून बहुतेक वेळा एक-दोन सेंट वर असतो. मेसेजात मात्र 'न्यूयॉर्क दीड सेंटनं उसळलं' असं येतं आणि कारणाला वॉशिंग्टन चिकटवलेलं असतं. क्विंटलमागे शंभराची ही तेजी फक्त कागदावरची. उपाय सोपा आहे: आकड्याआधी महिन्याचं नाव लिहायचं. ते नसेल तर त्या पंधरवड्यात 'कालपेक्षा' या शब्दाकडे बघूच नका.

दुसरा दोष यार्डाच्या ओळीत. ६,७०० ते ७,२०० लिहितात, पण ७,२०० एकाच गाडीला मिळालेले असू शकतात. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव रोज लावते. तिसरा हवा, तो मिळत नाही. तिसरा दोष सरकीचा. तिची ओळ आहे, पण बदल दाखवत नाहीत, आणि आपल्या भावाचा जवळपास तिसरा हिस्सा सरकी आहे. ढेपेची मागणी आणि खाद्यतेलाचं आयातशुल्क यांवर ती हलते. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलाचं मूळ शुल्क २० वरून १० टक्क्यांवर आणलं, त्याचा सरकीशी संबंध काय, हे सांगणारी एक ऑडिओ आम्ही आनंदानं ऐकली असती. चौथा दोष असा की हमीभाव केंद्राची काहीच माहिती नाही. २०२५ च्या हंगामापासून सीसीआयला माल द्यायला 'कपास किसान' ॲपवर नोंदणी लागते. यार्ड ७,००० वर आणि हमीभाव ८,११० असताना हजार-अकराशेचा फरक नोंदणी, सातबारावरचा पेरा आणि ओलावा या तीन गोष्टींवर ठरतो. यातली एकही व्हाइट हाउसमध्ये ठरत नाही.

घ्यावी कोणी? दहा-पंधरा क्विंटलच्या वर माल घरात ठेवून भावाची वाट बघणाऱ्यानं घ्यावी, आणि जिनिंगला थेट माल नेणाऱ्यानं. वेचा झाला की आठवडाभरात खेडा खरेदीला देऊन मोकळं होणाऱ्याला फारसा उपयोग नाही. त्यानं त्या पैशात ओलावा तपासायला जवळच्या जिनिंगवर चक्कर मारावी. फरदडीचा (हंगामानंतर पीक लांबवून घेतलेला) कापूस आणि कवडी (किडका, डागी कापूस) विकायला तर ही सेवा अजिबातच नको, त्याचा भाव डोळ्यांनीच ठरतो.

वर्गणी भरायची तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी एवढीच. वर्षाची घेतली की उन्हाळ्यात नुसत्या ऑडिओ येत राहतात. त्या नको असतील तर सेवेच्या नंबरवर 'फक्त भाव' एवढंच लिहून पाठवायचं. दुसऱ्या दिवसापासून मेसेज सहा ओळींचा येतो.